मुकादमच्या डोळ्यातले थेंब

गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत, आणि तो डॉक्टर नव्हता. चष्म्याचं दुकान होतं त्याचं, बस्स. भिंतीवर अक्षरांची पाटी, समोर तपासणीची खुर्ची, भिंगांची लाकडी पेटी आणि आतल्या बाजूला काचेची कड घासायचं मशीन. चाळीस वर्षं त्याने लोकांना एक डोळा झाकायला लावून खालची ओळ वाचायला सांगितलं होतं. कामात माणूस चोख. त्याने काढलेला नंबर चुकला असं कुणी म्हटलेलं ऐकिवात नाही. नाकावर वळ उठवणारी फ्रेम त्याने कुणाच्या गळ्यात मारली नाही, हेही कबूल करायला हवं.

हे डॉक्टर प्रकरण सुरू झालं ते लॉन्ड्रीवाल्यापासून. त्याची सात वर्षांची डोकेदुखी याने नुसता नंबर बदलून आठवड्यात घालवली, तेव्हा लॉन्ड्रीवाला भर दुकानात म्हणाला, खरे डॉक्टर तुम्हीच. त्यावर याने हसून मान हलवली. ती मान आडवी हलली की उभी, त्याचं त्यालाच ठाऊक. मग काय विचारता. कुणाला रांजणवाडी झाली, चला डॉक्टरकडे. कुणाच्या डोळ्यात भुसा गेला, चला डॉक्टरकडे. एक बाई तर गुडघे दाखवायला आली होती. गुडघे काही त्याने बघितले नाहीत, तेवढं तारतम्य होतं त्याला. पण डोळ्यांचं म्हणाल, तर 'मी डॉक्टर आहे' असं तो कधी म्हणाला नाही आणि 'मी डॉक्टर नाही' असंही कधी म्हणाला नाही. यात खोटं बोलणं कुठं आलं, असं तो स्वतःलाच विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा, कुठंच नाही. अशा प्रश्नांना आपल्यासारखा सोयीचा साक्षीदार दुसरा मिळत नाही.

दुकानाच्या मागे दोन खोल्या होत्या. तिथे तो आणि त्याची थोरली बहीण राहायचे. ताईचा नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि याचं लग्न जमता जमता राहून गेलेलं. ताई घरी शिलाईचं काम करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा सदरा अंगासरसा कर, काजं कर, चेन बदल. तिच्या नाकावरचा जाड काचांचा चष्मा अर्थात त्याच्याच हातचा. घराचा एक नियम कुणी न लिहिता ठरून गेला होता. औषधं, कागदपत्रं, विजेची कामं आणि डोळे, यांत तो बोलणार आणि ताई ऐकणार. "ताईला यातलं काय कळतंय," हे तो दिवसातून दोनदा तरी म्हणायचा, आणि प्रेमानंच म्हणतोय असं त्याला वाटायचं. ताई ते ऐकून दोरा दाताने तोडायची आणि पुढची टीप घालायची.

तिसरा प्राणी म्हणजे मुकादम. मुकादम कुत्रा होता. नऊ वर्षांपूर्वी दुकानामागे फ्रेमच्या रिकाम्या खोक्यात सापडला, तळहाताएवढा. तेव्हापासूनच त्याचा डावा डोळा पांढरा, दुधाळ, काही न दिसणारा. उजव्यावर सगळा कारभार. गल्लीत कुठंही सामान उतरवायचं असो, भिंत रंगवायची असो, नळ दुरुस्त व्हायचा असो, हा जाऊन समोर बसणार, मान तिरकी करून उजव्या डोळ्याने सगळं बघणार आणि काडीचं काम न करता दमून परत येणार. म्हणून मुकादम. घरात त्याचा जीव ताईवर आणि धाक या आपल्या डॉक्टरचा. याने "वर बघ" म्हटलं की मुकादम खुर्चीतल्या गिऱ्हाइकासारखी मान वर करून बसायचा. ही करामत याने कितीजणांना दाखवली होती त्याला सुमार नाही.

एके सकाळी मुकादम शेजारच्या काटेरी कुंपणात डोकं घालून कचऱ्याच्या गाडीवर भुंकून आला. दुपारी ताईच्या लक्षात आलं की तो उजवा डोळा मिटून धरतोय. पाणी गळत होतं, पंजाने चोळणं चाललं होतं. ताईने हातातलं काम ठेवलं आणि दुकानात येऊन सांगितलं, त्याला जरा जनावरांच्या दवाखान्यात नेऊ या.

याने टॉर्च मारली, पापणी वर केली, लाली बघितली आणि निदान करून मोकळा झाला. डोळे आलेत. ताई म्हणाली, एकच डोळा आलाय का, आणि आलेला डोळा असा घट्ट मिटून कुणी बसतं का. बघा, ज्या बाईला यातलं काही कळत नव्हतं ती काय विचारत होती ते. पण हा ऐकेल तर शपथ. त्याने जरा आवाज चढवला. दवाखान्यातली ती डॉक्टरीण काय वेगळं सांगणार आहे? तिच्या नाकावरचा पहिला चष्मा मी ठेवलाय, तिसरीत होती तेव्हा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून रडत आली होती.

गेल्या वर्षी त्याच्या स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यातली थेंबांची एक बाटली अर्धी उरली होती आणि फ्रिजच्या दारात पडून होती. ती त्याने काढली. ताई मुकादमला मांडीशी धरून बसली. हा म्हणाला, वर बघ. मुकादमने शहाण्यासारखी मान वर केली आणि याने दोन थेंब टाकले.

दुसऱ्या दिवशी लाली निम्मी झाली. झालं, मग काय. मिशीला ताव द्यायला मिशी नव्हती एवढंच. चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा त्याने ही कथा ऐकवली. ताईला म्हणाला, बघ, उगाच धावत सुटली असतीस. ताई म्हणाली, लाली उतरली खरी, पण तो डोळा काही उघडत नाहीये. यावर त्याने थेंब दिवसातून तीनदाचे पाचदा केले.

तिसऱ्या दिवशी डोळ्यावर निळसर झाक आली. चौथ्या दिवशी मुकादम पाण्याच्या भांड्याला धडकला, पाणी सांडलं आणि तो त्या पाण्यातच उभा राहिला, कुठं वळावं ते न कळून. ताईने काही विचारलं नाही. तिने चपला घातल्या, पट्टा लावला आणि म्हणाली, येतोस की मी एकटी जाऊ.

तो गेला. वाटेत एकदाच बोलला, की काळजी करू नकोस.

दवाखान्यातली डॉक्टरीण त्याला बघून उठून उभी राहिली. या डॉक्टरकाका, म्हणाली. लहानपणापासूनची तिची ती सवय. मुकादमला टेबलावर घेतलं, मदतीच्या बाईने त्याचं अंग धरलं आणि याने डोकं धरलं. डॉक्टरणीने केशरी कागदाची एक बारीक पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि छोट्या निळ्या दिव्याने आत पाहिलं. बुबुळाच्या मधोमध वाटाण्याएवढा हिरवा डाग चमकायला लागला. त्या हिरव्याचा अर्थ त्याला माहीत होता. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे गिऱ्हाइकं पाठवून पाठवून, त्यांच्याकडे बसून बसून, एवढं त्याला कळत होतं. जिथं वरची कातडी शाबूत नाही तिथं तो रंग धरतो. जखम होती. पहिल्या दिवसापासून साधी जखम होती, काट्याची.

आणि आपण टाकलेल्या बाटलीवर काय लिहिलंय तेही त्याला त्याच क्षणी आठवलं. ऑपरेशननंतर सूज उतरवणारं स्टिरॉइड. डोळ्याला जखम असेल तर वापरू नये, हे त्याच्या सर्जनने त्याला स्वतःला बजावून सांगितलं होतं, आणि त्याने ते ऐकताना जाणकारासारखी मान डोलावली होती.

डॉक्टरणीने दिवा लावला. ओरखडा असा चार दिवसांत चिघळून आत उतरत नाही सहसा, म्हणाली. मग तिने सरळ विचारलं.

"काका, घरी डोळ्यात काही घातलं होतं का? कुठलेही थेंब? स्टिरॉइड गेलं असेल तर मला उपचार बदलावे लागतील. याला हा एकच डोळा आहे."

"नाही," तो म्हणाला. "उकळून गार केलेलं पाणी. तेवढंच."

हे वाक्य त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्याला आजही सांगता येत नाही. ते आपसूक निघालं, चाळीस वर्षं मुरल्यासारखं. डॉक्टरीण वहीत लिहायला लागली, पाणी. आणि तेवढ्यात ताई बोलली.

"थेंब घातलेत. याच्या ऑपरेशनचे उरलेले होते, फ्रिजमध्ये. मी घातले. याला विचारलं नाही मी."

आणि ती त्याच्याकडे बघायला लागली. रागाने नाही, काही नाही, नुसतं बघत होती. जाड काचांमागचे ते मोठे दिसणारे डोळे. त्याने मुकादमचं डोकं धरलेलं होतं आणि त्याने नजर काढून भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यावर नेली. तो तक्ता त्याने वरपासून खालपर्यंत वाचला.

डॉक्टरीण मात्र ताईवर घसरली. दिवसभराची दमलेली असेल, आणि जनावरावर जीव असलेली माणसं अशा वेळी माणसांची गय करत नाहीत. तिने ताईला विचारलं, अहो मावशी, माणसाच्या डोळ्यातलं औषध कुत्र्याला घालायचं सुचलं तरी कसं तुम्हाला. बाटलीवर वाचायचं तरी. जखमेवर ते औषध म्हणजे जखम भरूच द्यायची नाही. वर आधीची सूज उतरते म्हणून बरं वाटल्यासारखं दिसतं आणि खाली सगळं पोखरत जातं. हा डोळा मिटून बसला होता ना? दुखल्याशिवाय कुत्रा डोळा मिटून बसत नाही, एवढंही कळू नये? मदतीची बाई खाली बघायला लागली. बाहेर बाकावर मांजर घेऊन बसलेला माणूस दारातून डोकावला. ताई पदर सावरून उभी होती, शाळेत उभं केलेल्या पोरीसारखी.

आणि शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "तुमच्या घरात डोळ्यांतलं कळणारा माणूस बसलाय, मावशी. त्यांना एका शब्दाने विचारलं असतंत तर हे झालं नसतं."

जमीन दुभंगून पोटात घ्यावं असं म्हणतात. त्याला तसलं काही वाटलं नाही. त्याला वाटलं, आता बोल. लगेच वाटलं, आता कसं बोलणार, आत्ताच तर पाणी म्हणालो. मग वाटलं, बाहेर गेल्यावर ताईशी बोलू. असं एकेक वाटण्यात तो क्षण निघून गेला आणि डॉक्टरीण त्याला हळू आवाजात, आदराने, औषधं समजावून सांगायला लागली. ताईला नाही, त्याला.

पुढचे दोन दिवस घरात घड्याळ लावून काम चाललं. जखम भरावी म्हणून मुकादमच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या पिवळसर पाण्याचे, म्हणजे सीरमचे, थेंब तासातासाला, त्यानंतर पाच मिनिटांनी दुसरे. पंजा डोळ्याला लागू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा मोठा कर्णा, तो दाराच्या चौकटीला अडकायचा. ताईने घेतलेलं शिलाईचं काम तसंच परत पाठवून दिलं. थेंब तीच घालायची. पहिल्या दिवशी याने बाटली हातात घेतली आणि सवयीने म्हणाला, वर बघ. मुकादमने मान वर केली. तेवढ्याशा विश्वासापुढे याला थेंब टाकवेनात, आणि ताईने बाटली काढून घेतली. हा मुकाट्याने दुकानात येऊन बसला. समोर गिऱ्हाईक होतं, ते म्हणालं, डॉक्टर, जवळचं धूसर दिसतंय. त्याने पाटीवरची चौथी ओळ वाचायला लावली आणि ती ओळ त्या माणसाने काय वाचली ते त्याला ऐकूच आलं नाही.

ताईशी बोलायचं तो दर तासाला ठरवायचा. जेवताना ठरवलं, तर ताईनेच विचारलं, अजून वाढू का. चहाच्या वेळी ठरवलं, तर थेंबांची वेळ झाली. एकदा तर तो "ताई" एवढं म्हणाला आणि ती "हं" म्हणाली, आणि याने विचारलं काय, तर मुकादमने पाणी प्यायलं का. मोठा शहाणा माणूस. हजारो लोकांना धीर देऊन खालची ओळ वाचायला लावणारा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम किंचाळला आणि डोळा फुटला. त्याच दुपारी ऑपरेशन करून तो काढून टाकला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, निदान दुखायचं थांबेल, असं डॉक्टरीण म्हणाली. डाव्यात जन्मापासून काही नव्हतंच. घरी आणलं तेव्हा मुकादम शुद्धीत येत होता, उजव्या बाजूला नुसती एक शिवलेली रेघ. ताई ती शिवण बघत बसली. टाके चांगले घातलेत, एवढंच म्हणाली, आणि मग रडली. तो दारात उभा होता. त्याला आत यायची हिंमत होईना आणि निघून जायचीही होईना.

आठ-दहा दिवसांत मुकादम शिकायला लागला. भिंतीच्या कडेकडेने चालायचा. ताईच्या मशीनचा आवाज आला की बरोबर तिच्या पायाशी यायचा. मशीन बंद असलं की खोलीच्या मध्ये उभा राहायचा, कान टवकारून. म्हणून ताई काम नसतानाही मशीनचं चाक हाताने फिरवायची. गल्लीतल्या लोकांनी हळहळ केली, आणि कुणाकडून फुटलं कोण जाणे, पण ताईने चुकीचं औषध घातलं ही गोष्टही गल्लीभर झाली. लॉन्ड्रीवाला दुकानात येऊन म्हणाला, बायकांना धीर नसतो डॉक्टर, तुम्हाला विचारायला हवं होतं त्यांनी. हा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. तीच जुनी मान हलली, आणि ह्या वेळेला ती कशी हलली ते त्याला नीट कळलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

टाके काढायच्या दिवशी दोघं मुकादमला घेऊन गेले. दवाखान्यात गर्दी होती, बाकावर चार-पाच माणसं, एक टोपलीत ससा. हाच दिवस, असं तो घरातून ठरवून निघाला होता, आणि सगळ्यांसमोर बोलायचं हेही. डॉक्टरीण दारात आली, या डॉक्टरकाका म्हणाली, आणि तो उभा राहून तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मी डॉक्टर नाही. मी चष्मे विकतो. आणि ते थेंब ताईने नाही घातले, मी घातले. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती इथं नेऊ या. मी नेऊ दिलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

बोलून झाल्यावर तो थांबला. त्याची तयारी होती. ताईला जे जे ऐकवलं होतं ते सगळं आता आपल्या अंगावर येणार, बाकावरच्या माणसांसमोर येणार, आणि ते यावं अशी त्याची खरोखरच इच्छा होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याला ताठ उभं राहता येत होतं.

डॉक्टरीण गोंधळली. तिने चष्मा काढून पुसला. मग जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाली, बसा काका, बसा आधी. मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काही वाईट हेतूने केलं नसणार. होतं असं, चांगल्या चांगल्यांकडून होतं. मदतीच्या बाईला तिने पाणी आणायला सांगितलं. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने सरकून त्याला जागा करून दिली.

तो बसला नाही. "मला बोला ना," तो म्हणाला. "तिला बोललात तसं बोला."

डॉक्टरणीचा चेहरा लाल झाला. तिने ताईकडे पाहिलं, मावशी म्हणाली, आणि पुन्हा चष्मा पुसायला लागली. ताई म्हणाली, जाऊ दे गं, टाके काढ, तो बिचारा ताटकळलाय. टाके काढले. मुकादम एकदाही कुरकुरला नाही.

बाहेर आल्यावर ताई पट्टा आखूड धरून पुढे चालत होती. दवाखान्याच्या तीन पायऱ्या, प्रत्येकीला ती थांबून "पायरी" म्हणायची आणि मुकादम पंजा पुढे करून चाचपायचा. खाली रस्त्यावर पोचल्यावर त्याने तिला गाठलं. इतके दिवस राहून गेलेलं शेवटी विचारलं. त्या दिवशी स्वतःवर का घेतलंस?

मुकादमचा पट्टा मानेला काचत होता, तो ताईने एक भोक सैल केला.

"ती पाणी लिहायला लागली होती. मी गप्प बसले असते तर मुकादमचा डोळा जायचा," ती म्हणाली. "आणि मला वाटलं, मी म्हटलं की तू लगेच म्हणशील, ती नाही, मीच घातले. म्हणून तुझ्याकडे बघत थांबले होते."

मग ती मुकादमला "चल" म्हणाली, आणि ती दोघं रस्त्याच्या कडेकडेने निघाली.